उकंडाचे दोन दगड

सुरुंगानं मेलेला मासा बाहेरून धडधाकट दिसतो. खवलं जागच्या जागी, डोळे उघडे, शेपूट शाबूत. बाजारात मांडला तर गिऱ्हाईक खुशाल घेऊन जाईल. पोट फाडलं की कळतं. आतली हवेची पिशवी फुटलेली असते, भोवती काळं रक्त साकळलेलं असतं, आणि पाठीचा कणा असा मोडलेला असतो की बोटानं दाबला तर दोन तुकडे वेगवेगळे हलतात. मी असे हजारावर मासे फाडले आहेत. तोच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि दर माशागणिक मला अजूनही तेवढाच संताप येतो.

मी भैरवी. घर समुद्रापासून शेकडो कोस लांब दारव्ह्याला आणि काम समुद्रात, हे ऐकून लोकांना हसू येतं. शेजारच्या कुंदाकाकू दर वर्षी विचारतात, "तिकडे मच्छीमार्केटातच लागली काय व तू?" एकदा मी हो म्हणून टाकलं. त्यांचं समाधान झालं, माझीही कटकट गेली.

खरं काम असं. एका बेटाजवळ प्रवाळाचे खडक आहेत. बेटाचं नाव सांगत नाही. तिथले लोक भले आहेत, सुरुंग टाकणारे बाहेरून आले होते. जिवंत प्रवाळ गप्प नसतो. पाण्यातला माइक खाली सोडला की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, ती बोटभर कोळंब्यांची तडतड. मधेच पोपटमासा चोचीनं प्रवाळ खरवडतो, ते कोणी फुटाणे चावल्यासारखं वाटतं. माशांची पिल्लं त्या आवाजाच्या मागानं घर शोधत येतात. सुरुंग टाकलेला खडक मुका होतो. आवाज नाही म्हणून पिल्लं नाहीत, पिल्लं नाहीत म्हणून मासे नाहीत. मग आम्ही त्या मेलेल्या खडकावर स्पीकर सोडतो आणि जिवंत खडकाचं रेकॉर्डिंग लावतो. पिल्लं येतात. खरंच येतात.

मे महिन्यात समुद्र खवळायला लागला की बेटाच्या बोटी बंद होतात आणि मी दारव्ह्याला येते. आमच्याकडे त्याच महिन्यात विहिरी खोदतात. जमीन कोरडी, खाली काळा पाषाण, त्यामुळं दिवसभर कुठून ना कुठून सुरुंगाचा दणका ऐकू येतो. माझा धाकटा भाऊ अभिषेक याच धंद्यात आहे. स्पर्धा परीक्षेत तीनदा आपटल्यावर त्यानं विहिरी फोडायचा कंप्रेसर लावलेला ट्रॅक्टर घेतला. आमचे बाबा, नंदकिशोर, तहसील कचेरीत जन्म काढलेले. त्यांना हा धंदा म्हणजे घराण्याला बट्टा वाटतो.

धंदा अभिषेकच्या नावावर, पण चालवायचा शहजाद. शहजाद मूळचा मेकॅनिक. कंप्रेसर दुरुस्त करता करता सुरुंगाचं काम शिकला आणि रीतसर परवाना काढून बसला. सावध माणूस. वात पेटवायच्या आधी तीन दिशांना तोंड करून तीनदा हाक द्यायचा, "बार हाय होऽऽ!" शेतात शेळी जरी दिसली तरी थांबायचा. अभिषेकला त्यानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. हाक दिल्याशिवाय बार नाही. आमच्या भागात तो कायदाच आहे. हाक ऐकूनही जो हटला नाही, त्याचं नशीब.

*

बोरखडीचा डोह दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवर. उन्हाळ्यात अडाण नदी आटते, पण त्या डोहात तीन पुरुष पाणी राहतं. माझ्याकडे नवा माइक आला होता, रेकॉर्डरसकट एका बंद पेटीत. बेटावर न्यायच्या आधी तपासावा म्हणून मी तो डोहात सोडायला लागले आणि तिथं मला उकंडा भोई आणि त्याची बायको धुरपताबाई भेटली.

उकंडा कमरेला दोर बांधून, दोन हातांत दोन काळे दगड घेऊन बुडी मारायचा. तळाच्या कपारींत दगडावर दगड वाजवला की दडलेले मरळ जाळ्याकडे पळतात. वर धुरपताबाई डोंग्यात आडवी पडून लाकडाला कान लावायची. डोंग्याच्या लाकडातून तिला दगड ऐकू यायचे. नुसती टकटक म्हणजे काम चालू आहे. दोन ठोके, मग थांबून एक, म्हणजे वर घे. टक टक, टक. ती झटक्यात उठून दोर ओढायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तिनं एकदाही उशीर केला नव्हता.

मी उकंडाच्या कानाला हेडफोन लावला तेव्हा तो दचकला. "अय बाप्पा, हे तं मीच हावो!" मग धुरपताबाईनं ऐकलं. तोंडाला पदर लावून हसली. "हे तं रोजचंच हाय," म्हणाली, पण हेडफोन लवकर काढला नाही. मी त्यांना बेटावरच्या स्पीकरचं सांगितलं.

"म्हंजे आवाज लावला का मासे वापस येते?" उकंडानं विचारलं.

"येतात."

"मासे बी येडेच म्हना."

"अन् मानसं कोनती शायनी असते?" धुरपताबाई म्हणाली.

*

तो बाजाराचा दिवस होता. सकाळी अभिषेक खुशीत होता. धरमसिंगच्या विहिरीला पाणी लागलं होतं, त्याच बोरखडीत, डोहापासून हाकेच्या अंतरावर. पाणी लागलं की त्या दिवशी जेवणावळ ही आमच्याकडची रीतच. "ताई, आज ताजे मासे आनतो," तो म्हणाला. "तू फाडजो, मी तळतो." मी हो म्हटलं, लक्ष दिलं नाही.

दुपारी मी उकंडाला फोन केला. डोहाच्या तळाशी कपारीत ठेवलेली पेटी तीन वाजता काढून ठेव, बॅटरी संपते, मी चारला येते. ऊन मरणाचं होतं. बेटावर आठ-आठ तास पाण्यात राहणारी मी, त्या दिवशी कूलरसमोरून उठले नाही. धुरपताबाई मासे घेऊन बाजाराला गेलेली. उकंडा एकटाच, दोराशिवाय, सवयीनं दोन दगड हातात घेऊन माझ्या पेटीसाठी पाण्यात उतरला.

चारला पोचले तेव्हा डोह पांढरा दिसत होता. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, बोटभर पिल्लांपासून हातभर मरळांपर्यंत. काठावर माणसं गोळा झाली होती. मधे उकंडा पडला होता. त्याचा भाऊ डोमाजी म्हशी पाजायला आला, त्याला पाण्यात हात दिसला. धुरपताबाई रिकामी टोपली घेऊन नुकतीच आलेली. ती रडत नव्हती. ती त्याच्या मुठी उघडायचा प्रयत्न करत होती. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या आणि दोन्हींत दगड.

"पायात गोळा आला असन," कोणीतरी म्हणालं. "बुडला."

मी खाली बसले. उकंडाच्या अंगावर ओरखडा नव्हता. दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार येऊन मानेवर वाळली होती. नाकाशी लाल फेस. मी एक मरळ उचलला, खिशातल्या सुरीनं फाडला आणि कण्यावर बोट दाबलं. दोन तुकडे वेगवेगळे हलले.

माझं डोकं फिरलं. माझा हा स्वभाव साऱ्या दारव्ह्याला माहीत आहे; आधी तोंड, मग विचार. मी तो मासा हातात धरून उभी राहिले आणि ओरडले, "हा बुडला नाही! भोई कधी बुडते काय? याले सुरुंगानं मारलं! आंधळे हायेत का तुम्ही सारे?"

ते वाक्य मी दातांखाली धरलं असतं, फौजदार येईपर्यंत फक्त तासभर, तर पुढचं झालं नसतं. रोज मनात ते वाक्य गिळते. आता काय उपयोग.

"सुरुंग कोनापाशी हाय?" डोमाजीनं विचारलं. उत्तराची गरजच नव्हती. धरमसिंगच्या शेतात कंप्रेसर उभा होता, आणि गावाच्या लेखी कंप्रेसर म्हणजे शहजाद.

शहजाद त्या वेळी लोहाऱ्याहून येत होता. सकाळीच कंप्रेसरची एक प्लेट वेल्डिंगला घेऊन तो तिकडच्या कारखान्यांत गेला होता. विहिरीवर कोणी दिसेना, खाली डोहावर गर्दी दिसली, म्हणून काय झालं ते विचारायला तो आपल्या पायांनी उतरला. "काय झालं गा?" एवढं त्याचं बोलून झालं.

पहिला तडाखा डोंगा ढकलायच्या बल्लीचा होता, तोंडावर. दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो गुडघ्यावर आला तर पाठीत लाथा बसल्या. "म्या लोहाऱ्याले गेलतो! आत्ता येऊन राह्यलो!" असं तो ओरडत होता, मग नुसतं "ताई, ताई" ओरडायला लागला. कोणीतरी त्याच्या नावावरून जे ओरडलं, ते मी इथं लिहीत नाही. मी मधे घुसले. बल्ली माझ्या खांद्यावर बसली आणि गळ्याजवळचं हाड कटकन मोडलं. मी एकाच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात रक्ताची चव आली, तरी त्यानं मला वाळूवर फेकलंच. डोमाजीनं शहजादचा उजवा हात खडकावर ठेवला, त्यावर पाय दिला आणि धोंडा उचलला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा उचलला तेव्हा शहजाद ओरडायचा थांबला होता.

धरमसिंगनं ट्रॅक्टर थेट गर्दीत घातला, हॉर्न दाबून धरून. माणसं बाजूला झाली. आम्ही शहजादला ट्रॉलीत टाकलं. त्याआधी मी पाण्यात उतरले आणि कपारीतून सुटून काठाला लागलेली पेटी एका हातानं ओढून काढली. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

*

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात त्याची प्लीहा काढली आणि उजव्या हाताची तीन बोटं. वाचेल की नाही ते डॉक्टर सांगेनात. वॉर्डाच्या दारात पोलीस शिपाई येऊन बसला. डोमाजीनं लेखी दिलं होतं की शहजादनं सुरुंग टाकून आपल्या भावाला मारलं. म्हणजे तो मेला तर गावाच्या लेखी बरोबर झालं, आणि जगला तर तुरुंगात जाणार.

त्याची आई अमिनाबी ओसरीत बसली होती. माझा हात गळ्यात बांधलेला पाहून तिनं मलाच पाणी दिलं. "बेटी, मेरा शहजाद तो लोहारे में था. वेल्डिंगवाले को पूछ लो. तू पढ़ी-लिखी है, तेरी बात मानेंगे." तिला माहीत नव्हतं की तिच्या लेकाला त्या दगडाखाली माझ्याच शिकलेल्या तोंडानं घातलं होतं. मी तिला सांगितलं. तिनं ग्लास माझ्या हातातून परत घेतला.

तिथं बसल्यावर मला सकाळचं आठवलं. आज ताजे मासे आनतो.

मी पेटी उघडली, हेडफोन लावला आणि दुपारी तीनच्या आसपासचं ऐकायला लागले. टक, टक, टक. उकंडाचे दगड. मग बार. कानात खिळा ठोकल्यासारखा. मी हेडफोन ओरबाडून काढला आणि पुन्हा लावायची हिंमत झाली नाही.

पहाटेच्या जीपनं दारव्ह्याला आले. खांदा ठणकत होता म्हणून बर्फासाठी फ्रीज उघडला. आत पातेल्यात चार मरळ होते, साफ न केलेले. मी एकाच्या पाठीवर बोट दाबलं. दोन तुकडे.

अभिषेक पलंगावर बसून होता, रात्रभर झोपला नसावा. मी तो मासा त्याच्या तोंडावर फेकला. मग दुसरा. मग पातेलं. त्यानं अंग चोरलं नाही.

"मीच टाकला ताई," तो म्हणाला. "पार्टीले मासे पायजे होते. शहजाद असता तं टाकूच देल्ला नसता, म्हनून तो गेल्यावर टाकला. तठी कोनीच नव्हतं. डोंगा बांधलेला होता. मासे येचले अन् निंगालो. संध्याकाळी आयकलं का उकंडा..." तो रडायला लागला. "पन मी हाक देल्ली! आईशप्पथ, तीन डाव देल्ली, तिन्ही बाजूले. शहजादनं शिकवली तशीच."

"शहजादचं काय झालं ते कळलं तुला?"

"कळलं."

"अन् तू घरात बसून राहिलास?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. माझा एकच हात चालत होता, म्हणून त्याच हातानं पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. बाबा मधे आले. मी पलंगापाशी ठेवलेली पेटी पाहून त्यांनी विचारलं यात काय आहे, आणि कळल्यावर शांतपणे म्हणाले, "विहिरीत टाक. कागदावर नाव चढत नाही तोवर काही झालेलं नसते, भैरवी. तीस वर्षं हेच पाह्यलं मी."

"नाही बाबा!" अभिषेक उठला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. "पेटीत माह्या आवाज असन ना! ताई, तुह्या माइक एवढाल्या कोळंब्या आयकते, तं माह्यी हाक नाही आयकली काय? सगळ्याइले आयकव. हाक देल्ली म्हंजे मंग अपघात. मीच जाऊन सांगतो. शहजादबी सुटन, मीबी सुटन."

हवेतली हाक पाण्यात शिरत नाही. पाण्याला लागून ती वरच्या वर परत फिरते. डोहाच्या तळाशी असलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहून गळा फाडला, तरी त्याला काही कळत नाही. जमिनीवरच्या माणसांसाठी ठरलेली रीत अभिषेकनं पाण्याला लावली, आणि आमच्या अख्ख्या तालुक्यात कोणाला त्यात चूक दिसली नसती. मी हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी शिकवते.

त्या सकाळी मी ते माझ्या भावाला शिकवलं नाही. शिकवलं असतं तर तो पुन्हा पलंगावर बसला असता, बाबांनी वकील गाठला असता, पेटी विहिरीत गेली असती आणि शहजाद खुनी ठरला असता. मी म्हटलं, "चल. तूच घे पेटी." मी त्याला फसवलं. दुसरा शब्द नाही.

*

माझा खांदा मोडलेला, म्हणून गाडी त्यानंच चालवली. पेटी त्याच्या पायांजवळ होती. वाटेत तो दोनदा म्हणाला, "बरं झालं तू घरी होती, ताई."

धुरपताबाईच्या अंगणात निंबाखाली माणसं बसली होती. उकंडाचं शव यवतमाळहून यायचं होतं. फौजदार जबाब लिहून घेत होता. अभिषेक सरळ मधोमध जाऊन उभा राहिला. "सुरुंग मी टाकला. शहजाद तठी नव्हता, लोहाऱ्याले गेलता. मी एकटा होतो."

माणसं उठली. फौजदारानं हात आडवा घातला. डोमाजी मात्र बसूनच राहिला. तो आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहत होता.

"पन मी हाक देल्ली होती," अभिषेक म्हणाला. "तीन डाव. याच्यात हाय. आयका."

मी बाजेवर स्पीकर ठेवला आणि लावलं. आधी पाण्याचा आवाज. मग टक, टक, टक. धुरपताबाईनं मान वर केली.

"आता येते," अभिषेक पुढं वाकून म्हणाला. त्यानं एक बोट वर धरलं होतं. "आता आयका. आता."

टक, टक, टक.

"आता."

बार झाला. तेवढ्याशा स्पीकरला तो पेलला नाही. पत्रा टरकन फाटावा तसा आवाज आला आणि निंबावरचे कावळे उडाले. एक बाई किंचाळली.

"थांब, मांगं घे, ताई. हाक राह्यली."

"हाक नाहीच, अभ्या. वरची हाक खाली जात नाही. खालच्याला ती कधीच ऐकू आली नसती."

"तुले मालूम होतं?"

"हो."

मला त्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून मी यंत्र बंद करायला हात पुढं केला. धुरपताबाईनं माझं मनगट धरलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. इथून पुढचं मीही ऐकलेलं नव्हतं.

छप, छप, छप. कोणीतरी पाण्यात उतरलं होतं आणि उथळ काठानं चालत होतं. थांबत होतं, पुन्हा चालत होतं. मग त्या छपछपीच्या खाली, अगदी हळू:

टक टक. टक.

धुरपताबाई ताडकन उठली. तिचे दोन्ही हात आपोआप पुढं आले आणि हवेतच दोर ओढायला लागले, एकाआड एक. "वर घे म्हनून राह्यला," ती सगळ्यांना सांगत होती. "तो जिता हाय. वर घे म्हनते."

छप, छप. टक टक. टक.

मग नुसते दोन ठोके. तिसऱ्यासाठी सगळं अंगण थांबलं. तो आला नाही. छपछप मात्र बराच वेळ चालू राहिली, आणि मग तीही काठाकडे गेली.

धुरपताबाईचे हात खाली आले. "हे पान्यात कोन चालून राह्यलं?" तिनं विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. पावलांना नाव नसतं.

"मी," अभिषेक म्हणाला. "मासे येचून राह्यलो होतो."

पहिला दगड त्याच्या कपाळाला लागला. त्यानं हात वर केला नाही. दुसरा कानाजवळ बसला, मग बल्ल्या आल्या, मग तो माणसांच्या पायांत दिसेनासा झाला. फौजदार आणि दोन शिपायांनी त्याला काढलं तेव्हा एक डोळा बंद झाला होता आणि शर्ट रक्तानं अंगाला चिकटला होता. त्याला जीपमधे कोंबून फौजदारानं तिथूनच फोन लावला, की शहजादच्या वॉर्डापुढचा शिपाई उठवा. परक्या माणसासाठी मी आदल्या दिवशी हाड मोडून घेतलं होतं. भावासाठी मधे पडले नाही. त्याचं मला काय वाटतं ते विचारू नका.

जीप गेली. अंगण रिकामं झालं. मी पेटी उचलायला वाकले.

"ठेव," धुरपताबाई म्हणाली. ती बाजेजवळ जमिनीवर आडवी झाली आणि तिनं बाजेच्या लाकडी खुराला कान लावला. "आवाज लावला का वापस येते म्हनत होती ना तू?"

"बाई, ते मासे..."

"बार होयाच्या आंधीचं लाव."

मी लावलं.